कुंपणाच्या आतली लिंबोणी

अर्धांगवायूनं डेस हॅलोरनचं उजवं अंग गेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात चालवा, पाय परत येईल. गावातला पोहण्याचा तलाव तर कुलूपबंद. मग त्याच्या बायकोनं, नोरीननं ठरवलं, तलाव आपल्याच परसात बांधायचा. ऑस्ट्रेलियातल्या इप्सविचमध्ये आयुष्यभर शाळेची बस हाकलेली बाई ती. एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

परवाना देणारा लॅकलन आला, परसात फिरला आणि नकाशातल्या तलावाभोवतीच्या कुंपणाच्या रेघेवर बोट ठेवून थांबला.

"ही लिंबोणी कुंपणाला खेटून येते. पोरं तिच्यावर चढून आत तलावापाशी उडी मारतील, बुडतील. तोडा, लगेच परवाना देतो."

"आमच्या घरात पोर आहे कुठं? धाकटाच चाळिशीचा घोडा झालाय!"

"शेजाऱ्यांची असतील की."

लिंबांचं नोरीनला काही नव्हतं, ती बाजारात मिळतात. पेच वेगळाच होता. लिंबोणीला घरधन्यानं स्वतःचं 'पाणी' घातलं, म्हणजे बुंध्याशी उभं राहून लघवी केली, की ती लगडते, ही आमच्याकडच्या पुरुषांची जुनी समजूत. आजारातून उठल्यापासून डेस घरात बायकोचा हात धरून वावरायचा, पण संध्याकाळी काठी टेकत लिंबोणीपर्यंत एकटा जायचा. दिवसभरात तेवढंच काय ते तो कुणाच्या मदतीशिवाय करायचा. तेच झाड तोडायचं? आणि कशासाठी, तर त्याला चालवण्यासाठी! नोरीनला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

तिनं पेन्सिल उचलली, कुंपणाची रेघ खोडली आणि लिंबोणीला वळसा घालून, तिला आत घेऊन, नवी काढली.

"आता झाडावर चढायला पोराला आधी आत यावं लागेल. बोल."

लॅकलननं डोकं खाजवलं. "नियमात बसतंय. पण फाटक आपोआप लागणारं हवं, आणि कडी उंचावर, पोरांचा हात न पोचणारी. डेसला जमेल?"

"ते त्याचं तो बघेल," ती ठसक्यात म्हणाली. मनात धाकधूक होतीच.

परवाना मिळाला, तलाव झाला, कुंपण उभं राहिलं. शेवटच्या तपासणीला लॅकलन फाटक हलवून बघत होता, तेवढ्यात डेस आला. नोरीन मदतीला धावली, तर त्यानं डोळे वटारले. काठी कुंपणाला टेकवून त्यानं डावा हात वर केला. कडी निसटली. पुन्हा धरली, ओढली. फाटक उघडलं, तो आत शिरला आणि मागं ते खट्कन लागलं.

डेस लिंबोणीपाशी जाऊन उभा राहिला. लॅकलननं घाईघाईनं पाठ फिरवली. "फाटक पास."

नोरीनचं तिकडे लक्षच नव्हतं. ती काठीकडे बघत होती. काठी कुंपणाबाहेरच राहिली होती.