कानकऱ्याचं सोंग

मोबाइलवर ऐकायच्या मालिका लिहून मी पोट भरते. खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर, घरी बसून, रेंज असेल तेव्हा. मध्यंतरी एक खोटं साम्राज्य रचलं, आणि साम्राज्य म्हटलं की पोलीस आलेच. पहिलं खातं शिपायांचं. ते चहा पितात आणि शिट्ट्या मारतात. दुसरं कानकऱ्यांचं. कानकऱ्याला तोंडच नसतं, सुपाएवढे कान तेवढे असतात. त्याच्या कानात कुणीही कुणाचंही नाव सांगावं, पुरावा लागत नाही. मग तिसरं खातं येतं, उचल्यांचं. तोंडाला फडकं बांधून, एक अक्षर न बोलता त्या नावाच्या माणसाला उचलून नेतं.

मुंबईच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला, "ताई, इतके पॉवरफुल नकोत. काहीतरी कच्चा दुवा ठेवा." कटकट नुसती! मग ठेवला. उचल्याला ओळखून कुणी नात्याने हाक मारली, तर त्याने फडकं सोडायचं आणि मागे फिरायचं.

पाड्यावर सगळे ऐकायला लागले. बांधावर फोन ठेवून बाया निंदणी करायच्या आणि कानकरी आला की एकमेकींना गप करायच्या. सगळ्यांत मोठा भक्त आमचा पोलीस पाटील. रस्त्यात दिसलं की, "बाय, कालचा भाग एकदम झकास!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षी वहिनीच्या मागे लोक लागले. वहिनी दाभोशाकडची, तोंडाने फटकळ, हाताने चांगली. शेजारच्या काकांची म्हैस दगावली, मग त्यांच्या नातवाचा ताप हटेना, आणि कुणीतरी म्हणालं की हिची नजर वाईट, हिला विद्या येते. झालं! ती नळावर गेली की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. माझा नुसता संताप व्हायचा. चौकीवर फोन केला, तर तिकडून विचारलं, "कुणी हात लावला का? नाही ना? मग लावल्यावर सांगा." आई म्हणाली, "गप बसा. बोलून वाढतं."

चैत्रात बोहाडा आला. आमच्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं नाचतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं, वारशाने आलेलं. मुखवटा चढला की आतलं माणूस संपलं, तो देव. त्याला नावाने हाक मारायची नाही, आत कोण ते विचारायचं नाही. नाचून सोंग ओट्यावर बसलं की लोक पाया पडतात आणि त्याच्या कानाशी वाकून नवस बोलतात. त्या वर्षी पोरांनी माझ्या कानकऱ्याचं सोंग काढलं. कुठल्याच घराचं नव्हतं, म्हणून त्याची पाळी सगळ्यांत शेवटी, चांगलं उजाडल्यावर. मुखवटा माझ्या दादाने चढवला होता. हे आम्हा बहीणभावांनाच ठाऊक.

संबळ थांबला आणि सोंग ओट्यावर बसलं. लोक सवयीने कानाशी वाकले. मला हसू आलं, म्हटलं, आता याला काय नवस बोलणार, डोंबल? पण नवस बोलणारा माणूस डोळे मिटतो. हे लोक बोलता बोलता आमच्या घराकडे बघत होते.

दादा घरी आला. मुखवटा कोपऱ्यात ठेवला आणि चहाला हात लावला नाही.

"काय म्हणाले?"

"हिचंच नाव. पाड्यावरून काढ म्हणाले, नाहीतर ही पोरं खाईल."

"कोण म्हणालं?"

त्याने सांगितलं. आमचा चुलतभाऊ. शेजारचे काका. पोलीस पाटील.

"आणि?"

"आणि एक बाई. सोड ना."

तो तोंड धुवायला गेला तो किती तरी वेळ आलाच नाही.

बाजारात पोलीस पाटील भेटला, नेहमीसारखा हसत. "बाय, कानकऱ्याने तर ऐकलं. आता उचले कधी यायचे?"

मीसुद्धा सवयीने हसले. मग भाजी तिथेच टाकून घराकडे निघाले. मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते.

घरी येऊन ठरवलं, सकाळच्या पहिल्या जीपने वहिनीला माहेरी पाठवायचं. ती चिडली. "मी का म्हणून जाऊ? माझा भाताचा राब भाजायचा राहिलाय!" पण पिशवी भरली, आणि भरताना रडली.

सकाळी आई पाण्याला गेलेली, दादा चूल पेटवत होता. बाहेर कुत्रं भुंकायचं एकदम थांबलं म्हणून मी दार उघडलं. अंगणात माणसं उभी होती. सगळ्यांच्या तोंडाला फडकी. कुणी बोलेना. हात मागे बांधून, अगदी मी लिहिलं होतं तशी.

दादाने कोयता उचलला. वहिनीने त्याला मागे ढकललं आणि ती ओट्यावर येऊन उभी राहिली. तिने मालिका ऐकली होती. माझ्याहून लक्ष देऊन ऐकली होती.

"भावजी," ती म्हणाली, "रातची भाकर आहे, खाऊन जाता का?"

चुलतभावाने फडकं खाली केलं आणि पायांकडे बघत मागे फिरला.

"काका, नातवाचा ताप उतरला का हो?"

काकांच्या फडक्याची गाठ सुटेना, ते तसेच वळले.

"मामा," ती पोलीस पाटलाला म्हणाली, "तुमच्या पोरीच्या लग्नात मीच भांडी घासली ना?" तो काहीतरी पुटपुटत वळला. त्याच्यामागून बाकीचेही पांगले.

एकच जण राहिलं. आंब्याखाली, ठेंगणं. फडकं नव्हतं, पदर होता, नाकावरून घट्ट ओढलेला. पायाशी पाण्याने भरलेला हंडा होता. हंडा आमचा होता.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादा खाली बसला. त्याला बोहाड्यापासून ठाऊक होतं.

ही हाक मारायची पाळी माझी होती. नियम मीच केला होता.

"आई," मी म्हटलं.

पदर खाली आला नाही. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने, आणि माझा आवाज फाटला. ती तशीच उभी राहिली, वहिनीकडे बघत.

खालच्या रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. वहिनीने आत जाऊन पिशवी घेतली.