धाकट्याच्या पंखातला मुंगूस

माणसाची किंमत कुणी डोक्यावरून करतं, कुणी खिशावरून. मुंगसाची किंमत कारखान्यानं कंबरेवरून केली होती, आणि ती कंबर वर्षानुवर्षं जागची हलली नव्हती, म्हणून त्याचं बरं चाललं होतं.

कारखाना विमानांचा. कंपनी दोन विमानं बनवायची. थोरलं दुसऱ्या गावी, धाकटं इथं. धाकटं म्हणजे लहानसं प्रवासी जेट. उंच माणसानं आत शिरताना मान लववायची आणि बसल्यावर गुडघ्यांची माफी मागायची. विमानाचं इंधन असतं पंखात, आणि ते गळू नये म्हणून पंखाचे सांधे आतून एका काळपट लगद्यानं लिंपावे लागतात. थोरल्याच्या पंखात म्हैस बांधता येईल. धाकट्याच्या पंखाला मात्र खालून एक लंबगोल भोक, आणि त्यातून शिरणारा माणूस शेडमध्ये एकच. आधी हात, मग डोकं, मग खांदे तिरके, आणि मग उरलेला सगळा मुंगूस सरकन आत. नाव त्यावरूनच पडलेलं. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, ते कुणी वाचत नसे.

पंखाच्या बाहेर स्टुलावर रेडिओ बसायची. रेडिओ म्हणजे एक बाई, काठीसारखी वाळकी, मुंगसापेक्षा थोडी मोठी, आणि बोलणं ही तिची नोकरीच होती. त्या लगद्याच्या वाफेनं आतल्या माणसाला कधी कधी गोड झोप लागते, आणि तिच्यातून तो उठत नाही. हवेची नळी आत सोडलेली असते, पण नळीवर किती विसंबायचं? म्हणून नियम असा, की बाहेरच्यानं बोलत राहायचं, आतल्यानं उत्तर देत राहायचं. तीन हाकांना ओ आली नाही, की गळ्यातली शिट्टी फुंकायची. मग शेड धावत येते आणि आतल्याला हाताला लागेल तिथं धरून बाहेर ओढते.

आता दिवसभर बोलायचं म्हणजे विषय आणायचे कुठून? हवापाणी किती पुरणार? तेव्हा रेडिओनं गावभरच्या भानगडी गोळा करायला घेतल्या, निव्वळ सुरक्षिततेसाठी. कुणाची सून माहेरी का जाऊन बसली, रंगकामवाल्यानं या वयात केस कुणासाठी काळे केले, ही बातमी आधी पंखात पोचायची, मग त्या घरात. मुंगसानं सगळी नोकरी तीन उत्तरांवर काढली होती: "हं", "मग?" आणि "काहीतरीच काय, ताई."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बातमी आली, की कंपनी धाकटं बंद करायचा विचार करतेय. विमान कंपन्यांना म्हणे मोठीच विमानं हवीत. विचार करणं हे मोठ्या लोकांचं काम, आणि त्या काळात झुरणं हे लहान लोकांचं. नवे पंख शेडमध्ये यायचे थांबले. माणसं फरशी पुसायची, रॅक रंगवायची, पुन्हा पुसायची. सगळं गाव देव पाण्यात घालून बसलं. काळजीनं कुणाची झोप गेली, कुणाची भूक गेली. मुंगसाची भूक आली.

त्यात घरी सासूबाई राहायला आलेल्या. जावयाचा चेहरा उतरलेला पाहिला की त्या बशी पुढं सरकवत. "घ्या, जावईबापू. रिकाम्या पोटी काळजी जास्त लागते." मुंगूस बिस्किटं घ्यायचा, मग लोणी लावलेले उकडलेले बटाटे घ्यायचा, आणि भरल्या पोटीही काळजी तेवढीच लागते, हे सासूबाईंना सांगायचं राहून जायचं.

बायको शिवणकाम करायची. तिनं त्याची पँट कंबरेत उसवून वाढवली, तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्यांदा उसवली तेव्हा टेप गळ्यात टाकून समोर उभी राहिली.

"अहो, आता आत कापडच उरलं नाही. यापुढं फुगायचं असेल तर दुकानातून आणावं लागेल."

"धुण्यात आटली असेल."

"पँट आटली, बनियन आटलं, पट्टाही आटला? चामड्याचा?"

त्या संध्याकाळी मुंगसाला पहिल्यांदा दरदरून घाम फुटला. कारण त्याचं कोडं बाकीच्यांसारखं सरळ नव्हतं. धाकटं बंद झालं तर नोकरी जाणार, पण सगळ्यांबरोबर, मान ताठ ठेवून. चालू राहिलं तर सगळ्यांची राहणार आणि याची एकट्याची जाणार. तीही पोटापायी, म्हणजे अक्षरशः. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत उतरण्याइतकी बारीक कंबर नाही.

त्यानं कपाटाचं जुनं खोकं आणलं, त्याला पंखाच्या भोकाएवढं लंबगोल भोक कापलं आणि खोलीचं दार लोटून घेऊन आत शिरायला लागला. हात गेले, डोकं गेलं, खांदे गेले. मग गाडी थांबली. पुढं जाईना, मागं येईना. खोकं अंगात घालून तो खोलीभर फिरत असताना दार उघडून सासूबाई आल्या.

"जावईबापू, घर सोडून जायचं असेल तर दारातून जा. पार्सल कशाला व्हायला हवं?"

शेवटी खोकं फाटलं. फाटलं म्हणजे तो आत शिरला की नाही, हे काही ठरलं नाही. पुठ्ठा फाटतो. पंख फाटत नाही. त्यानं बटाटे सोडले, पण बटाट्यांनी त्याला सोडलं नाही.

आणि मग मोठे साहेब शेडमध्ये येऊन स्टुलावर उभे राहिले. म्हणाले, कंपनीनं ठरवलंय, धाकटं चालू ठेवायचं. लहान गावांना, लहान विमानतळांना तेच लागतं, मागणी आली आहे, पंख येत्या आठवड्यात उतरतील. शेडमध्ये जो गलका झाला त्यात धिप्पाड वेल्डर रडला, रंगकामवाला नाचला. मुंगसानं टाळ्या वाजवल्या, पण हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

रेडिओच्या नजरेतून काही सुटत नसे. "तुला आनंद नाही झाला?"

"झालाय की."

"तोंड बघ. एरंडेल प्यायल्यासारखं."

"पोटात गडबड आहे, ताई." हे मात्र त्यानं खरं सांगितलं.

पंख आला. मुंगसानं सकाळी नुसतं पाणी घेतलं. हात, डोकं, खांदे. कंबरेला भोकाची कड घासली, त्यानं श्वास पार सोडला, कातडं सोलवटत आत गेला. काम केलं. रेडिओ रंगकामवाल्याच्या लग्नाची बातमी सांगत होती, तो "हं" म्हणत होता, आणि प्रत्येक सांधा लिंपताना एकच विचार: शिरलोय, पण निघणार कसा?

तेच झालं. पाय बाहेर आले, कंबर अडकली. उपाय त्याला माहीत होता. श्वास पार सोडायचा आणि घसरायचं. पण श्वास सोडला की बोलता येत नाही.

"अरे, मग त्या पोरीचा बाप म्हणाला, मला जावई हवाय, समवयस्क नको. ऐकतोयस ना?"

"हं," मुंगूस म्हणाला, आणि तेवढ्यानं छाती भरून तो पुन्हा घट्ट बसला.

दुसऱ्यांदा श्वास सोडला. बोटभर सरकला.

"मुंगश्या?"

"मग?" पुन्हा घट्ट.

"मग काय मग? पाय का झाडतोयस?"

आता खोटं बोलायलाही हवा लागणार होती. "ताई, अडकलोय. शिट्टी वाजवू नकोस. थोडा वेळ गप्प राहतो, आपोआप निघेन. कुणाला कळलं तर गेलो मी."

इतक्या वर्षांत रेडिओ पहिल्यांदाच बंद पडली होती. तिच्या हातात त्याचा एक बूट होता, म्हणजे बुटातल्या पायासकट. गप्प राहिलेला माणूस अडकलाय की झोपलाय, हे बाहेरून कसं ओळखायचं?

तिनं शिट्टी फुंकली.

सगळी शेड आली. साबणाचं पाणी आलं, वेल्डर आला. मुंगूस बाहेर निघाला तो अर्ध्या शर्टात, पोट सगळ्यांसमोर. कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग कुणीच हसलं नाही. सुपरवायझरनं पोटाकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं.

"भोक मोठं होणार नाही, बाबा."

"कमी करतो, साहेब."

"कर. तोवर पंख थांबणार नाहीत. आत कोण जाणार?"

कुणी पुढं होईना. रेडिओनं स्टूल सरकवलं. "मी जाते. इतकी वर्षं भोकातून बघतेय, आतला एकेक सांधा पाठ आहे मला. भोकाएवढी तर मी आडवीसुद्धा नाही."

सुपरवायझरनं तिची परीक्षा घेतली, तपासनीसाला बोलावलं, आणि दुपारी ती आत गेली. शिट्टी मुंगसाच्या गळ्यात आली.

त्याला तिचं तोंड बघायचं नव्हतं. ते पंखात होतं, एवढंच बरं. पण बोलायचंही नव्हतं. शिट्टी वाजवू नको म्हणून विनवलेलं असताना तिनं फुंकली. आणि नियम तर असा की बोललंच पाहिजे.

"ताई."

"हं."

पुढं काय? त्याच्याकडं बातमी म्हणून नव्हती. सगळ्या बातम्या आतूनच ऐकलेल्या, आणि त्या तिच्याच. तो स्टुलावर घामाघूम झाला. शेवटी जवळ होतं तेच काढलं.

"मी घरी खोक्याला भोक पाडलं होतं. तालमीसाठी. त्यातच अडकलो. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, पार्सल कशाला व्हायला हवं?"

आतून काही आलं नाही.

"ताई?"

पंख गार, गप्प. त्याला सगळा राग आठवेनासा झाला. बाहेर बसणं इतकं वाईट असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ताई?"

तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं आणि शिट्टी ओठांत धरली. शिट्टी धरून हाक मारता येत नाही, हे तेव्हा कळलं. ती काढली.

"ताई, ओ दे."

"अरे हसतेय," आतून धापा टाकत आवाज आला. "हसताना बोलू कशी? पुढं सांग. फाटलं का खोकं?"

"फाटलं," तो म्हणाला. शिट्टी त्यानं मुठीतच ठेवली. "पण हसू नकोस, ताई. निदान मोठ्यानं हस. मला ऐकू येऊ दे."