दोन सूत आत

माझ्या मावशीच्या यजमानांइतका वेष्टणावर जीव टाकणारा माणूस नाशिक जिल्ह्यात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. त्यांचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. ते जिथे छापायला हवं होतं तिथे एकदा छापून झालं आहे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गाळ्यात त्यांचा लग्नपत्रिका छापण्याचा धंदा होता. बाहेर ट्रक, रिक्षा आणि एसट्या एकमेकांना शिव्या दिल्यासारखे हॉर्न वाजवत असायच्या आणि आत काका जाळीच्या चौकटीवरून रबराची पट्टी ओढत एकेका कार्डावर सोनेरी गणपती उतरवत असायचे. त्यांना हॉर्न ऐकू यायचे नाहीत, गिऱ्हाईकही एका हाकेत ऐकू यायचं नाही. शाई मात्र वासावरून कळायची.

काका बिस्किटाचा पुडा फोडायचे नाहीत, उलगडायचे. उलगडलेला कागद तळहाताने सपाट करून मावशीच्या कपाटात रचून ठेवायचे. त्या कपाटात साड्या वरच्या एका कप्प्यात अंग चोरून बसल्या होत्या आणि खालचे तीन कप्पे साबण, उदबत्ती, चहा आणि शेवचिवड्याच्या कागदांनी भरलेले होते. बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी खोकं चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, झाकण न उघडताच खाली ठेवलं आणि म्हणाले, "पेढे चांगले असणार. खोक्याला कोपरे आहेत." किती टक्के मिळाले ते त्यांनी विचारलंच नाही. मावशी म्हणाली, "अहो, आतला एक खाऊन तरी बघा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "आत काय आहे ते आत गेल्यावर कळतं. आत न्यायचं काम बाहेरच्याचं."

लग्नाला जाताना ते आपणच छापलेली पत्रिका खिशात घालून जायचे. मांडवाच्या दारात उभे राहून पत्रिका एकदा, मांडव एकदा, असं मिळवून बघायचे. पंचवटीतल्या एका लग्नात पत्रिकेवर दोन केळीचे खांब होते आणि दारात एकच होता. काकांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं, तो बिचारा हुंड्याचं काही निघालं की काय म्हणून पांढराफटक पडला. दुसरा खांब येईपर्यंत मुहूर्ताला दहा मिनिटं उशीर झाला. "छापलंय म्हणजे शब्द दिलाय," हे काकांचं म्हणणं भटजींनाही मान्य करावं लागलं.

पण त्यांचा खरा अधिकार होता तो नावांवर. पत्रिकेत नावं किती, कुणाचं कुणाच्या वर, चुलत आजोबा 'आशीर्वाद'मध्ये की 'विनीत'मध्ये, यावरून घरंच्या घरं त्यांच्या गाळ्यात येऊन भांडायची. काका शांतपणे ऐकायचे, कारण असा रुसवा कुठवर जातो हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. "पत्रिकेत ज्याचं नाव राहतं ना," ते म्हणायचे, "तो लग्नाला येतो, पोटभर जेवतो, पण बोलत नाही. वर्षानुवर्षं बोलत नाही." हजारो पत्रिकांवर लाखभर नावं त्यांनी छापली असतील. त्यांचं स्वतःचं नाव पाठीमागे, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात असायचं. ते कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अशा माणसाकडे आम्ही आमच्या बँडचं कव्हर करायला दिलं. इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघांनी 'उलटा टेम्पो' नावाचा बँड काढला होता. नव्वदीतली गोष्ट. नाशिकमध्ये तेव्हा बँड म्हटलं की लोक घोडा कुठे आहे ते विचारत. आम्ही केस वाढवले होते, मोडतोडीची आणि बंडाची गाणी लिहिली होती, आणि घरी मात्र नऊच्या आत परतत होतो. गाणी एका मित्राच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित केली आणि तीनशे कॅसेट भरून आणल्या. राहिलं होतं ते कव्हर. बँड कसा आहे हे लोकांना आधी कव्हरावरून कळतं, एवढं आम्हालाही कळत होतं. आम्हाला कव्हर काळं हवं होतं. त्यावर रस्त्यात उलटून पडलेला, पेटलेला टेम्पो, आणि मागे आम्ही चौघं, जगावर चिडलेले.

काकांनी आमचं चित्र लांब धरून पाहिलं. "ट्रान्सपोर्टची कॅसेट आहे का?"

"नाही काका. टेम्पो म्हणजे गाण्याची लय. ती उलटी."

"असेल. पण उलटा टेम्पो बघून आत कोण बसेल? आणि काळं मी फक्त उत्तरकार्याचं छापतो." मग आमचा फोटो हातात घेऊन म्हणाले, "रुसलाय कशाला रे सगळे? मानपान राहिला का?"

आठ दिवसांनी गठ्ठा आला. हळदीच्या पिवळ्यावर कुंकवाचा लाल, आणि वर सोनेरी गणपती. मधे एक टेम्पो, चारी चाकांवर व्यवस्थित उभा, पुढे झेंडूचं तोरण, मागच्या हौद्यात आम्ही चौघं. आमचे रुसलेले चेहरे काकांनी बदलले नव्हते, पण प्रत्येकाच्या डोक्याला फेटा चढवला होता. खाली लिहिलं होतं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून आठ गाणी योजिली आहेत.' कोपऱ्यात लहान मुलांच्या अक्षरात, 'आमच्या दादाची कॅसेट ऐकायला यायचं हं!' त्याखाली, 'कृपया आहेर आणू नये.' आणि आतल्या बाजूला गाण्यांची यादी दोन रकान्यांत होती. एकावर शीर्षक 'वरपक्ष', दुसऱ्यावर 'वधूपक्ष'.

"हे काय आहे?" आमचा ड्रमवाला किंचाळला.

"तुम्हीच म्हणालात कॅसेटला दोन बाजू असतात," काका म्हणाले. "दोन बाजू म्हटल्या की मी हेच छापतो."

गठ्ठा घेऊन आम्ही घरी आलो आणि दुसरा घोळ लक्षात आला. काकांनी माप कॅसेटच्या डबीचं घेतलं होतं, पण बाहेरून. कार्ड दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त उंच होतं आणि डबी मिटत नव्हती. कॉलेजातला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. भर दुपारी आम्ही आमच्या ओसरीवर स्टीलची पट्टी आणि ब्लेड घेऊन तीनशे कार्डं कापायला बसलो. वरून कापावं तर गणपतीचा मुकुट जात होता, आणि आई तिथेच निवडणं घेऊन बसली होती. तेव्हा खालून कापायचं ठरलं. तळाशी एक ओळ होती, सोनेरी, चांगली ठसठशीत, मुंगीएवढी नव्हे. 'सजावट व मांडणी' आणि पुढे काकांचं पूर्ण नाव. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते पुढच्या बाजूला घेतलं होतं. बासवाला थांबला. म्हणाला, "अरे, काकांचं नाव जातंय."

मी म्हणालो, "जाऊ दे. पत्रिका छापणाऱ्याचं नाव कोण वाचतं?" आणि ब्लेड ओढलं. हे मीच म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही.

कार्यक्रमाला काका आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. दारातच त्यांना कॅसेट दिली. त्यांनी डबी फिरवून पाहिली, तळाशी अंगठा फिरवला आणि खिशात ठेवली. नंतर दोन बटाटेवडे खाल्ले, चहा घेतला आणि काही न बोलता निघून गेले. गर्दीत माझ्या ते लक्षातही आलं नाही.

कॅसेटचं पुढे जे झालं ते कुणाच्या स्वप्नात नव्हतं. कॉलेजच्या पोरांनी ती फेटे बघून हसत हसत घेतली. उरलेल्यांतल्या काही वणीच्या एका दुकानदाराने ठेवून घेतल्या आणि कव्हर पाहून देवीच्या गाण्यांच्या रांगेत लावल्या. गडावरून उतरलेले यात्रेकरू ती श्रद्धेने घेऊन गेले. एकदा मी त्या दुकानात उभा असताना सुरगाण्याकडचा एक जीपवाला आला. मी त्यातला गाणारा आहे हे दुकानदाराने सांगताच त्याने माझा हात धरला. म्हणाला, "भाऊ, लग्नाची म्हनून घेतली व्हती. वधूपक्ष लय भारी हाय. पन वरपक्ष नुसता आरडाओरडा करतोय."

"आवडला नाही का?"

"तसं नाय. खऱ्या लग्नात बी असंच असतंय ना."

आम्हाला 'उलटा टेम्पो' कुणी म्हटलंच नाही. पुढची चार वर्षं आम्ही जिथे गेलो तिथे 'वरपक्षवाले आले' असंच झालं, आणि फर्माईश यायची ती वधूपक्षाची. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, आमच्या गाण्यांपेक्षा काकांचं कव्हर खरं बोलत होतं. आम्ही जगावर चिडलेले वगैरे नव्हतो. चांगल्या घरची, थोडी रुसलेली चार मुलं होतो, आणि काकांनी आम्हाला फेटे बांधून टेम्पोत बसवलं होतं.

काका माझ्याशी इतर सगळं बोलायचे. नोकरी, पाऊसपाणी, नव्या चिवड्याचा पुडा. पण कॅसेटचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचे. बँड मोडला, कॉम्प्युटरवर पत्रिका निघू लागल्या, काकांनी गाळा बंद केला. दहा-बारा वर्षं गेली. मग एकदा मावशीने मला कपाटातले कागद कमी करायला बसवलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, चहाच्या कागदांमागे, आमची कॅसेट सापडली. तिच्यातलं कार्ड न कापलेलं होतं. गठ्ठा देण्याआधीच त्यांनी एक स्वतःसाठी ठेवलं असणार. डबी मिटत नव्हती म्हणून तिला रबरबँड लावला होता आणि फटीतून सोनेरी ओळ दिसत होती. त्यांचं नाव. मला ओसरीवरचं माझंच वाक्य आठवलं आणि अशी लाज वाटली, की मी कितीतरी वेळ त्या कपाटापुढे बसून राहिलो.

बाकीच्या तिघांना फोन केले. जुनी गाणी सीडीवर घेतली आणि त्याच कार्डावरून कव्हर करायला दिलं. नमुना घेऊन रविवारी मावशीकडे गेलो. त्यात काकांचं नाव मी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात टाकलं होतं. काकांनी चष्मा लावला. नमुना उजेडाकडे धरला.

"गणपती कुठे गेला?"

"खाली घेतलाय, काका."

"वेडा आहेस का? वरची जागा त्याची. माझं खाली घे." मग उठून त्यांनी खणातून जुनी फूटपट्टी काढली, नमुन्याच्या तळाशी धरली, नखाने खूण केली. "इथे. कडेपासून दोन सूत आत. कुणी कापलंच, तरी राहील."

माझ्याने मान वर करवेना. "काका, तेव्हा मीच..."

"ब्लेडने कापलंत ना?" त्यांनी मधेच विचारलं. "पट्टी स्टीलची होती?"

"हो."

"तरीच. कड सरळ आली होती. कात्री लावली असती तर वाईट वाटलं असतं."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती आठ गाणी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली नाहीत, घरात वाजवायचं यंत्रच नव्हतं. सीडी त्यांच्या कपाटात आहे, तिची डबी नीट मिटते. पण मला सारखी आठवते ती त्या रविवारची दुपार. मावशीने पानं वाढली. काकांनी पहिल्या घासापासून पिवळा किती गडद हवा, तोरणात झेंडू किती, फेट्याचे तुरे कसे, सगळं सांगायला घेतलं. ताटावर हात वाळले तरी थांबेनात. काका जेवले, आणि बोलले.