फोटोखालची ओळ

युद्धात घर पडलं तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या. धाकटा भाऊ तुळईखाली अडकला होता. समोरून एक फोटोग्राफर येताना दिसला, म्हणून त्यांनी हात वर करून हाक मारली. त्याने आधी फोटो काढला. तोच फोटो पुढे शाळेच्या पुस्तकात आला, संग्रहालयात भिंतभर लागला. खाली ओळ होती, 'उद्ध्वस्त घरासमोर देशासाठी शपथ घेणारी तरुणी'.

"शपथ कसली डोंबलाची," कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांना ताई सांगायच्या. "मी मदतीला बोलावत होते."

साठी जवळ आल्यावर त्यांनी ती ओळ बदलून घ्यायचं मनावर घेतलं. सहा वर्षं संग्रहालयाचे उंबरे झिजवले. दर वेळी नवा साहेब, नवा अर्ज. एक साहेब म्हणाला, "आजी, तो फोटो आता देशाचा झालाय."

"फोटो असू दे देशाचा. हात माझा आहे."

शेवटी त्यांनी फोटोग्राफरलाच हुडकून काढलं. ऐंशी ओलांडलेला, पाठीत वाकलेला तो माणूस लेकीकडे राहत होता. ताईंनी ओळख सांगितली तसं त्याने पहिल्यांदा विचारलं, "भाऊ कसा आहे?"

"पायाने अधू, जिभेने धडधाकट."

म्हातारा हसला. मग खाली बघत म्हणाला, "मी खरं तेच लिहून पाठवलं होतं. ओळ पेपरवाल्यांनी बदलली. पण फोटोला बक्षीस मिळालं, आणि मी तोंड मिटून बसलो."

ताईंचा संताप संताप झाला. पण फाडफाड बोलावं तर याच माणसाने तेव्हा कॅमेरा मातीत टाकून तुळईला खांदा दिला होता.

दोघं मिळून संग्रहालयात गेले. टेबलामागच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. "पुरावा लागेल. तुळई उचलतानाचा एखादा फोटो आहे?"

"फोटो काढणाराच तुळई उचलत होता, बाई," म्हातारा म्हणाला.

"मग तसं अर्जात लिहा."

लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. चार महिन्यांनी पत्र आलं, विषय समितीपुढे ठेवला आहे. त्यालाही आता वर्ष होईल. ओळ तशीच आहे.

"ताई, सोड ना नाद," भाऊ म्हणतो. "कोण वाचतंय ती ओळ?"

"मी वाचते," मशीनवरची मान वर न करता ताई म्हणतात. "मंगळवारी परत जायचंय. तूही चल. बघू दे त्यांना पाय."