न शिकवलेलं गणित

माझा स्वभाव फटकळ. कुणाला काही सुनावायचं असलं की मी मागेपुढे बघत नाही, आणि त्याचा मला अभिमानच वाटत आला. पण एका माणसाला जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, आणि जे सांगायला नको होतं ते पायात बूट चढवता चढवता सांगून मोकळी झाले. त्या माणसाची ही गोष्ट. ते बस चालवायचे. मी परदेशी शिकायला गेले तेव्हा दोन वर्षं त्यांच्या घरी राहिले.

घर कॉलेजनं ठरवून दिलं होतं. विमानतळावर मला घ्यायला ते डेपोच्या युनिफॉर्ममध्येच आले, छातीवर बिल्ला आणि हातात माझ्या नावाचा पुठ्ठा, तोही उलटा धरलेला. माझी मोठी बॅग त्यांनी एका हातानं उचलली आणि विचारलं, "दगड भरलेत की काय?"

"पुस्तकं आहेत," मी म्हटलं.

"मग तेच की," ते म्हणाले.

आता यांना हाक काय मारायची? तिथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. बापाच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची म्हणजे माझी जीभच उचलेना. नवी नवरी घरात आल्यासारखी मी तीन दिवस नुसतं "अहो, जरा ऐकता का" करत होते. शेवटी त्यांची बायकोच वैतागली. "हिला आपलं नाव घ्यायचं नाहीये का?" मग मी आमच्याकडचे शब्द सांगितले, काका आणि काकू. त्यांना ते इतके आवडले की आठवड्याभरात अख्खा डेपो त्यांना काका म्हणायला लागला.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. दार किंचित उचलून ढकललं तरच लागायचं, आणि नळाला गरम पाणी यायचं ते शंभरपर्यंत मोजल्यावर. खिडकीतून शेजारच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसे. काकांनी पहिल्याच दिवशी मला घराचं रीतसर ट्रेनिंग दिलं. किल्ली कुलपात पूर्ण घालायची नाही, जरा मागे ओढून मग फिरवायची. तिसरी पायरी वाजते, दुपारी तिच्यावर पाय द्यायचा नाही, कारण काकू झोपलेल्या असतात. काकू हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायच्या. पहाटे जायच्या, दुपारी येऊन आडव्या व्हायच्या. बोलणं अगदी मोजकं. दोघांना मूलबाळ नव्हतं.

कॉलेजला जायला दोन बस बदलाव्या लागत. पहिल्याच दिवशी मी चुकले, भलत्याच शेवटच्या स्टॉपवर पोचले आणि तिथल्या बाकावर बसून भोकाड पसरलं. हो, तेविसाव्या वर्षी! दुसऱ्या दिवशी काकांची आठवड्याची सुट्टी होती. सहा दिवस बस चालवणारा तो माणूस सातव्या दिवशी प्रवासी म्हणून माझ्या शेजारी बसला, दोनदा गेला, दोनदा आला. "हे औषधाचं दुकान गेलं की बेल दाबायची. दुकान बंद असलं तरी पाटी असतेच. पाटी पडली तर मला फोन कर." त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना त्यांनी बजावून ठेवलं, "ही आमच्या घरची मुलगी. धावत येताना दिसली तर थांबायचं." ते थांबायचे. वर्षभरात माझी बस एकदाही चुकली नाही, आणि मी काही वेळेवर निघणाऱ्यांपैकी मुळीच नव्हे.

दुसऱ्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्यानं दगा द्यायला सुरुवात केली. डेपोच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की वर्षअखेरीनंतर प्रवासी गाडी हातात देता येणार नाही. पुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे वेळापत्रक विभागात टेबलावरचं काम, कुठली गाडी किती वाजता सुटेल ते आखायचं. दुसरी म्हणजे मागची शेड, तिथे हातात पाण्याचा पाइप घेऊन दिवसभर बस धुवायच्या. टेबलासाठी खात्याची परीक्षा पास व्हावी लागे, आणि पंचावन्न पूर्ण झाल्यावर तिला बसता येत नसे. काकांची ही शेवटची संधी होती. भाषेचा आणि नियमांचा पेपर त्यांना जड नव्हता. घोडं अडत होतं गणितापाशी. काका लहानपणी सातवीतच शाळेतून बाहेर पडले होते.

एकदा जेवताना ते ताटाकडे बघतच म्हणाले, "तू तर आकड्यांचंच शिकतेस. माझ्यासारख्या ढ माणसाला शिकवशील? रविवारी तासभर. तुझा अभ्यास सांभाळून हं."

"काका, हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं. "पहिल्या नंबरानं पास करून दाखवते तुम्हाला."

बोलायला काय जातं! काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी चौकटीची वही आणली, दोन पेन्सिली तासून ठेवल्या आणि डेपोभर सांगून टाकलं की आपल्याला घरीच मास्तरीण मिळालीय.

पहिल्या रविवारी मी खरंच बसले. सव्वा तास. अपूर्णांक झाले. दुसऱ्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. तिसऱ्या रविवारी दुखत नव्हतं, पण दुखतंय असं सांगितलं. चौथ्या रविवारी मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेले. पाचव्याला खरोखरच प्रोजेक्ट होता. दर वेळी दहाच्या ठोक्याला काका दाढी करून टेबलाशी बसलेले असत, आणि मी काही कारण सांगितलं की लगेच वही मिटून म्हणत, "तुझा अभ्यास आधी." जरा चिडले असते, एकदा तरी ओरडले असते, तर मी आले असते हो वठणीवर. पण ते चिडायचे नाहीत, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मला ते जिवावर यायचं, बास. दुसरं काही कारण नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी मी निघायच्या घाईत होते. मैत्रीण खाली फाटकाशी उभी होती. काका वही घेऊन जिन्यापाशी आले. "दहाच मिनिटं, मास्तरीणबाई."

मी पायरीवर बसून बूट घालत होते. म्हटलं, "बरं, हे सांगा. गाडी सातचाळीसला सुटली, वेग ताशी छत्तीस किलोमीटर, एकवीस किलोमीटरवर किती वाजता पोचेल?"

"सव्वाआठ," काका म्हणाले. माझी नाडीसुद्धा बांधून झाली नव्हती.

"चार गाड्यांना पाच दिवसांत सहाशे लिटर डिझेल लागतं. सहा गाड्यांना सात दिवसांत?"

"बाराशे साठ. एका गाडीला दिवसाला तीस लागतं ना, मग हिशेब सरळच आहे." मग त्यांनी वही पुढे केली. "पण हे लिहायचं कसं? पुस्तकात एकेका उदाहरणाला पानभर लिहिलंय. मला तर नुसतं उत्तर दिसतं."

हाच एक प्रश्न होता. अख्ख्या परीक्षेत त्यांना अडणारी एवढी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी अचूक ओळखून माझ्यापुढे ठेवली होती. मी काय म्हणाले? "अहो, उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं. तुम्हाला सगळं येतंय काका, उगाच घाबरता." आणि मी दार उघडून पळाले.

मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर मीच तपासायचे. त्याच आठवड्यात मी कितीतरी जणांचे मार्क कापले होते आणि लाल पेननं शेरा मारला होता, 'रीत कुठे आहे?' तरी त्या माणसापुढे मी वेळ मारून नेली. मागून त्यांचा आवाज ऐकू आला. ते काकूंना सांगत होते, "ऐकलंस? मला सगळं येतं म्हणाली."

निकाल लागला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कपबशा विसळत होते. काका आले, कोट न काढताच खुर्चीत बसले आणि तपासलेला पेपर टेबलावर ठेवला. दहा उदाहरणं. दहाच्या दहा उत्तरं बरोबर. प्रत्येकाला दहापैकी तीन मार्क उत्तराचे मिळालेले, आणि रीतीच्या सात मार्कांपुढे दहा वेळा शून्य. पास व्हायला चाळीस हवे होते. माझे हात पाण्यातच राहिले.

"तू सांगितलं असणार," काका म्हणाले. "रीत लिहायची म्हणून. पहिल्या दिवशीच सांगितलं असशील. माझ्याच लक्षात राहिलं नाही बघ. तू एवढा वेळ काढलास, आणि मी तुझं नाव घालवलं. माफ कर हं पोरी."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी म्हणायला हवं होतं, काका, मी सांगितलंच नव्हतं, उलटंच सांगितलं. एरवी पोस्टातल्या बाईला, दुकानदाराला, प्रोफेसरांना तोंडावर सुनावणारी मी, माझ्या तोंडातून अक्षर फुटलं नाही. काका उठले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कोट काढायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू कामावरून आल्या, तेव्हा मी त्यांना गाठलं. बूट, जिना, फाटकाशी उभी असलेली मैत्रीण, खोटी डोकेदुखी, सगळं रडत रडत ओकून टाकलं. म्हटलं, "आज ते आले की सांगते त्यांना. मला राहवत नाहीये."

काकूंनी चप्पल काढून कोपऱ्यात लावली. "मला माहीत आहे सगळं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी मी या घरातच असते."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, लाजेनं का होईना, बसशील एखाद्या रविवारी." त्या खुर्चीवर टेकल्या. "आता सांगू नकोस. आत्ता त्यांना वाटतंय, आपण विसरलो. म्हाताऱ्या माणसाला विसरल्याचं दुःख पचतं. घरच्या मुलीनं आपल्याला टाळलं, हे कळून त्यांचं काय भलं होणार आहे? सांगून तुला बरं वाटेल, हे खरं. पण तुझ्या बरं वाटण्यासाठी त्यांना नको सांगूस."

एवढं लांबलचक बोलताना मी काकूंना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या आत जाऊन आडव्या झाल्या. मी गप्प राहिले. त्यांनी सांगितलं म्हणून राहिले, की मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून, ते विचारू नका.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी काकांनी शेवटची फेरी केली. सोमवारपासून शेडमध्ये जायचं होतं. डेपोच्या कँटीनमध्ये सगळे जमले होते, आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. मॅनेजरनं चार शब्द बोलून काकांशी हात मिळवला. मग काका मला हाताला धरून पुढे घेऊन गेले.

"ही आमची मास्तरीण," ते सगळ्यांना म्हणाले. "हिनं जीव तोडून शिकवलं मला. माझ्याच डोक्यात शिरलं नाही, त्याला ती काय करणार?"

"रविवारची सुट्टी सोडून?" तिकीट खिडकीवरची बाई माझ्याकडे वळली. "आणि स्वतःचं कॉलेज सांभाळून? धन्य आहे हो तुमची."

सगळे माझ्याकडे बघत होते. काकू हातात बशी घेऊन भिंतीशी उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. काकांचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता, आता पोरगी काय बोलते म्हणून ते वाट बघत होते.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.