माहेरी आल्यासारखं

भिवंडीत छान झोप लागते असं सांगणारा माणूस एक तर बहिरा असतो, नाही तर लूमचा मालक. आम्ही दोन्ही नव्हतो. आमचं घर आठ लूमच्या कारखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. नवरा खालीच जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. दोन्ही शिफ्टला जमीन थरथरायची. फळीवरचे पेले आपोआप कडेला सरकत यायचे, म्हणून मी त्यांच्याखाली पंचा अंथरायचे. घरात आम्ही ओठांनीच बोलायचो. आवाज काढून उपयोग नव्हता. शुक्रवारी लूम बंद. पण त्या दिवशी धुणं, दळण, येणारेजाणारे. आणि खरं सांगायचं तर, त्या शांततेनेच मला दचकून जाग यायची.

म्हणून वर्षातून मला एकच गोष्ट हवी असायची. मे महिन्यातले माहेरचे आठ दिवस. माहेर समुद्राकाठी, नारळी-पोफळीच्या वाडीत. तिथली मागची खोली माझी. खिडकीतून वाडी दिसायची, वाडीमागून लाटांचा आवाज यायचा आणि पहिले दोन दिवस मी नुसती झोपायचे. आई जेवायलाही उठवायची नाही. सासूबाई जवळच्याच वळ गावच्या, शेतात राबून इथे आलेल्या. दरवर्षी खुंटीवरची प्रवासाची पिशवी काढून माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "जा गो बाय, झोप काढून ये. मी हाय ना हितं."

नव्वद सालाच्या आसपास आई गेली. दोनेक वर्षांत दादाने घरी पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याची माणसं निसर्गात राहायला यायची. टीव्ही नाही, प्लॅस्टिक नाही, विहिरीचं पाणी, केळीच्या पानावर जेवण. आमच्याकडे ते सगळं होतंच, ऐपत नव्हती म्हणून. त्यालाच आता निसर्गाला जपणं म्हणू लागले. दादा ओटीवर लादी बसवणार होता, पण पाहुण्यांना सारवलेली जमीन आवडते म्हणून त्याने तो बेत रद्द केला. मी सारवणाला जन्माची कंटाळलेली. लग्न ठरताना भिवंडीच्या घरात लादी आहे हे ऐकून मनातल्या मनात नाचले होते. लूमचं कोणी बोललं नव्हतं.

त्या मे महिन्यात मी पोचले, तर मागच्या खोलीत चष्मा लावलेल्या एक बाई आणि त्यांचे यजमान. वहिनी म्हणाली, "वन्सं, या खेपेला माजघरात झोपा हां." वहिनी वाईट नव्हती. पहाटे उठून एकटी बारा माणसांचं रांधत होती, आणि ते बघत आडवी पडून राहायला मी काही दगड नव्हते. दुसऱ्या दिवशी मी नारळ खवत होते. तिसऱ्या दिवशी ओटी सारवत होते. चष्म्याच्या बाईंनी माझा फोटो काढला.

"किती निसर्गाच्या जवळ राहता हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मी भिवंडीची," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला. हसत हसत ओल्या सारवणावरून आत गेल्या. पावलं उमटली, ती मी पुन्हा सारवली.

संध्याकाळी दादाने एक लाकडी पाटी आणि रंगाचा डबा माझ्यापुढे ठेवला. घरात अक्षर माझंच चांगलं. "आत शिरतानाच पाहुण्यांना बरं वाटेल असं काहीतरी लिही," तो म्हणाला. मी फार विचार न करता लिहिलं, 'इथे माहेरी आल्यासारखं वाटेल.' दादा खूश झाला. मग त्याने पोस्टकार्डांसाठी दोन मजकूर मागितले, एक जागा असेल तेव्हाचा, एक नसेल तेव्हाचा. पाहुण्यांना पत्रं लिहून त्याचा हात मोडून आला होता, आता कार्डं तालुक्याला छापून घेणार होता. नकाराचं कार्ड मी जास्त मन लावून लिहिलं. 'नाही' म्हटलेलं कोणाला लागू नये, अशी माझी धडपड.

आठ दिवसांत समुद्र मी दोनदा पाहिला, तोही पाहुण्यांना वाट दाखवताना. परत आले तेव्हा सासूबाई माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, "झोपलीस न्हाय वाटतं." गप्पांत वेळ गेला, असं मी सांगितलं.

मला राग आला होता. दादावर नाही, वहिनीवरही नाही. कोणावर काढावा तेच सापडत नव्हतं, त्यामुळे तो वर्षभर माझ्यातच राहिला. पुढच्या एप्रिलात मी दादाला थट्टेने पत्र टाकलं, अगदी पाहुण्यासारखं. 'एक बाई येऊ इच्छिते. मागची खोली, आठ दिवस. जेवण साधं चालेल. सारवणार नाही.' पत्र पेटीत टाकताना मला हसू येत होतं. तरी रोज पोस्टमनची वाट बघत होते.

उत्तर छापील कार्डावर आलं. नावाच्या रिकाम्या जागेत माझं नाव, शाळेत जाणाऱ्या भाचीच्या अक्षरात. 'क्षमस्व. मे महिन्यात सर्व खोल्या भरल्या आहेत. कृपया, वाईट वाटून घेऊ नये. पावसाळ्यात अवश्य यावे, वाडी तेव्हा अधिक हिरवी असते. माहेरी आल्यासारखं वाटेल.' स्वल्पविरामसुद्धा माझेच.

दादाने थट्टेला थट्टेनेच उत्तर दिलं असेल, असं मी मनाला सांगून पाहिलं. गठ्ठ्यातलं आणखी एक पत्र समजून भाचीने कार्ड भरलं असेल, असंही. आजवर विचारलेलं नाही. पावसाळ्यात माझ्या पोरांची शाळा असते आणि मला घर सोडता येत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

नवरा जिना चढून वर आला. लूम चालूच होते. माझ्या हातातलं कार्ड बघून त्याने ओठांनी विचारलं, "कोणाचं?"

"दादाचं."

"काय म्हणतो?"

आवाज न काढता बोलण्यात एक सोय असते. गळा भरून आला तरी ऐकू जात नाही. मी ओठ हलवले, "ये म्हणतो."

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनीही माझे ओठ वाचले. सूप बाजूला ठेवून उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यावर वर्षभर बसलेला लूमचा कापूस झटकायला लागल्या.