मामांनी धुतलेली काच

आमच्या कॉलेजात शिपायाला सगळेच मामा म्हणत. गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी माझे बाबा तिथे प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायला लागले, तेव्हा मीही त्यांना मामाच म्हणू लागले. त्यांनीच बजावलं होतं, “थंय माका बाबा म्हणू नको.” मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज कबूल करताना लाज वाटते.

बाबा गिरणीत सायझिंग खात्यातले. सुताला द्यायच्या खळीत चरबी किती हवी, हे त्यांना वासावरून कळे. माझं संशोधनही चरबीचंच, मेदाम्लांचं. पाण्यात न विरघळणारं औषध शरीरात न्यायचं कसं? मेदाम्लाचं साबणासारखं द्रावण करायचं. त्याचे कण आधी पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, पृष्ठताण उतरतो. वर जागा संपली की आत पुंजके करून बसतात आणि औषधाला पोटात घेतात. तो ताण मी नळीतून पडणारे ठरावीक द्रावणाचे थेंब मोजून काढायचे. ताण कमी, तर थेंब लहान आणि जास्त. तेलाचं बोट लागलं तरी सगळं बोंबललं!

एका सोमवारी नुसत्या शुद्ध पाण्याचेच थेंब जास्त यायला लागले. तीनदा मोजले. माझे मार्गदर्शक सर वैतागले, “पुन्हा असं झालं तर धुणारा माणूस बदलेन.”

बाबांनी काच पाण्याखाली धरली. “बघा मॅडम, पाणी सलग उतरतंय. तेलकट असती तर तुटलं असतं.”

आणि मी काय म्हणावं? “मामा, गिरणीतले तेलकट हात इथं चालत नाहीत!”

त्यांनी एप्रन खुंटीला अडकवला आणि गेले. पुढे शिवडीला गोदामावर रखवालदारी केली.

पुढच्या सोमवारी, नव्या माणसानं धुतलेल्या काचेतही तेच. तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. दर रविवारी आई माझ्या डोक्यावर खोबरेल थापायची. वेणी पुढे आली की मी मागे टाकायचे आणि त्याच बोटानं नळीच्या टोकाचा थेंब पुसायचे. अगं मूर्ख बाई! केस धुऊन मोजलं, तर आकडे बरोबर. सरांना सांगितलं नाही. बाबांनाही नाही. प्रबंध होऊ दे, मग सांगू, असं म्हणत राहिले.

सांगितलं ते फार उशिरा. गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला होता आणि बाबांनी अंथरूण धरलं होतं.

“बाबा, ते तेल माझ्या वेणीचं होतं.”

“माका तेव्हाच ठावक होता गो. तुझी बोटां मी बघलंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“चार माणसांत आपल्याच चेडवाची चूक बापाशीन काढूची? आणि मामाचा ऐकतला कोण?”